कूलर एक, मीटर दोन : उन्हाळ्यातल्या वीजबिलाचा छडा

विदर्भातल्या माणसाला उन्हाळा दोनदा भोगावा लागतो. एकदा एप्रिल-मे महिन्यात अंगावर आणि दुसऱ्यांदा जून महिन्यात वीजबिलावर. मे महिन्यात जाळलेली वीज जूनच्या बिलात येते. नेमकी त्याच वेळी पोरांच्या शाळा उघडतात. वह्या-पुस्तके, गणवेश, बसचा पास, गळक्या छपराची डागडुजी आणि त्यात हे बिल. विहारात वंदना झाल्यावर माणसे दोन घटका बसतात, तेव्हा जून महिन्यात दुसरा विषयच नसतो. कुणी म्हणतो, मीटर पळते. कुणी म्हणतो, नवीन मीटर खोटेच असतात. कुणी म्हणतो, शेजाऱ्याने वायर टाकली असेल. आणि बहुतेक घरांत शेवटी एकच निकाल लागतो, तो म्हणजे कूलर बंद करा.

या निकालाची शिक्षा कुणाला होते, हे मात्र कुणी पाहत नाही. घरातला कमावता पुरुष कामावर जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत उरतात म्हातारी माणसे, बाळंतीण आणि लेकरे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत बाहेरच्यापेक्षाही जास्त उकडते. अशा घरात कूलर ही चैन उरत नाही. म्हणून बिल वाढले तर आधी कारण शोधावे आणि मगच कुणाचा कूलर बंद करायचा ते ठरवावे, असे मला वाटते. तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना सांगितले होते की, कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. वीजबिलाला हा नियम लावायला कुणाची हरकत नसावी.

विजेशी आपला संबंध नुसता बिल भरण्यापुरता नाही, हेही जाता जाता सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकाम व वीज यांविषयीच्या धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी अध्यक्ष म्हणून भाषण केले. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा त्या भाषणाचा आशय आहे. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात ते वाचायला मिळते. आज कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे नागपूरच्या वेशीवर आहेत, मोठे वीज केंद्र चंद्रपुरात आहे. त्यांची राख आणि धूर आपल्या वाट्याला आहे. निदान विजेचा हिशेब तरी आपल्याला यायला हवा.

दोन भाऊ, एक अंगण

मागच्या एका उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका घरातला प्रकार माझ्यापुढे आला. नावे देत नाही, कारण घर चारचौघांचे आहे. अंगण एक, भाऊ दोन आणि मीटरही दोन. मोठा भाऊ मालधक्क्यावर हमाली करतो. म्हातारी आई त्याच्याकडे. धाकटा रात्रपाळीत ऑटो चालवतो आणि दिवसा झोपतो. त्याला मार्च महिन्यात लेकरू झाले, म्हणून त्याने आपल्या भागावर पत्र्याची एक खोली चढवली आणि तिथे कूलर लावला. मे महिन्याचे बिल आले तेव्हा मोठ्याचा वापर होता ३८८ युनिट. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तो २६० च्या आसपास होता. घरात नवी वस्तू एकही आलेली नव्हती.

मोठ्या वहिनींचा संशय वरच्या खोलीवर गेला. धाकटीने आपल्या घरून लाइन घेतली, असे त्यांनी तोंडावर बोलून दाखवले. धाकटी म्हणाली, "आमचं मीटर वेगळं हाय, बिल बी आम्हीच भरतो. मंग तुमचं बिल वाढलं त्यात आमचा काय दोष?" आणि तिचेही बरोबर होते, कारण धाकट्याचे बिलही त्या कूलरपायी वाढलेलेच होते. दोघींचे बोलणे बंद झाले. मधल्या मधे म्हातारीने बिलाचा धसका घेतला. सगळे झोपले की ती गुपचूप उठून कूलरचे बटन बंद करायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी तिला चक्कर आली आणि सरकारी दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. तेव्हा कुठे मोठा भाऊ बिलाचा कागद घेऊन माझ्याकडे आला.

कारकुनी करणाऱ्या माणसाला हिशेब जुळला नाही की चैन पडत नाही. मी त्याला म्हटले, भांडण बाजूला ठेव, आधी बेरीज करू.

बिल कसे वाचावे

बिल हातात आले की आपण रक्कम पाहतो आणि कपाळाला हात लावतो. रक्कम सगळ्यात शेवटी पाहावी. आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग पाहावे, बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे का ते पाहावे. एकाच फळीवर चार मीटर असतील तर हे जरूर तपासा. रीडिंगच्या जागी घर बंद होते, रीडिंग मिळाले नाही, असा काही शेरा असेल तर ते बिल सरासरीचे असते. पुढे कधी खरे रीडिंग घेतले की राहिलेले युनिट एकदम अंगावर येतात. अशा वेळी ते युनिट तितक्या महिन्यांत वाटून स्लॅबचा लाभ दिला आहे का, हे विचारावे.

त्यानंतर किती दिवसांचे बिल आहे ते पाहावे. ते कधी २८ दिवसांचे असते, कधी ३४ दिवसांचे. म्हणून महिन्याच्या युनिटपेक्षा रोजचे युनिट काढावेत. आणि तुलना करायची तर जानेवारीशी करू नये, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो.

स्लॅबविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. शंभर युनिटांच्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना पहिला दर लागतो, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की, घरात जी वीज वाया जाते ती नेहमी वरच्या, म्हणजे महाग दरानेच मोजली जाते. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क.

मोठ्या भावाच्या बिलात दिवस ३०, रीडिंग खरे, मीटर क्रमांक बरोबर. ३८८ भागिले ३० म्हणजे रोजचे जवळपास १३ युनिट. आता इतकी वीज घरात खपते कुठे, ते पाहायचे होते.

घराची बेरीज

एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले की सातवीतली मुलगीसुद्धा घराचा हिशेब मांडू शकते. आम्ही त्याच्या मुलीकडूनच मांडून घेतला. जुने छताचे पंखे तीन, प्रत्येकी ७५ वॅट, रोज १६ तास. ते झाले ३.६ युनिट. कूलर २०० वॅटचा, १२ तास, म्हणजे २.४ युनिट. जुना एका दाराचा फ्रिज, उन्हाळ्याचे २ युनिट धरले. टीव्ही पाच तास, ०.४. दिवे ०.२. मिक्सर, इस्त्री, मोबाईल मिळून आणखी ०.२. एकूण बेरीज ८.८ युनिट. तीस दिवसांचे २६४.

म्हणजे आदल्या वर्षीचा आकडा बरोबर जुळला. यंदाचे १२४ युनिट मात्र उपरे होते.

या बेरजेत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कूलरच्या नावाने सगळे बोटे मोडतात, तो तीन पंख्यांपेक्षा कमी वीज घेतो. कूलरमध्ये गारवा वीज तयार करीत नाही, पाणी तयार करते. एक लिटर पाणी ताटीवरून वाळून हवेत गेले तर साधारण दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता ओढून घेते. विजेचे काम पंखा फिरवणे आणि छोट्या पंपाने पाणी वर चढवणे एवढेच. उलट दीड टनाचा जुना ए.सी. पूर्ण ताकदीने चालला तर तासाला दीड युनिटापेक्षा जास्त घेतो. तेव्हा म्हातारीने कूलर बंद ठेवून वाचवले काय? रात्रीचे आठ तास धरले तरी दीड युनिट.

मीटरसमोर पाच मिनिटे

रविवारी दुपारी आम्ही मीटरसमोर उभे राहिलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. वीज जास्त चालली की तो भराभर लुकलुकतो. एका युनिटाला किती वेळा लुकलुकायचे, हे मीटरवरच छापलेले असते. या मीटरवर ३२०० होते. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असू शकतो, तो वाचून घ्यावा.

घरातली सगळी बटने बंद केली. फ्रिजची पिन काढली, टीव्हीची पिन काढली. मेन स्विच मात्र चालू ठेवला. आता दिवा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. घड्याळ लावून मोजले, पाच मिनिटांत ७३ वेळा. तासाचे झाले ८७६. त्याला ३२०० ने भागले तर ०.२७ युनिट, म्हणजे पावणेतीनशे वॅटच्या आसपास. घरात एकही वस्तू चालू नसताना पावणेतीनशे वॅट चालले होते. शिवाय मीटरवर अर्थ असे लिहिलेला आणखी एक बारीक दिवा असतो, तोही पेटलेला होता. या दिव्याकडे आपण कधी पाहतच नाही.

मग मोठ्या भावाने आपला मेन स्विच खाली ओढला. मीटरचा लाल दिवा थांबला आणि त्याच क्षणी वरच्या खोलीतून धाकटीचा आवाज आला, "लाइन गेली काय हो?" तिचा कूलर आणि पंखा दोन्ही बंद पडले होते. खाली तिच्या स्वयंपाकघरातला दिवा मात्र चालूच होता.

मोठ्या वहिनी म्हणाल्या, "पाहा, मी म्हणत नव्हती?" दिसायला तसेच दिसत होते. पण वस्तुस्थिती वेगळी होती आणि ती समजायला वायरमनला बोलवावे लागले.

वीज एका तारेने घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. येणारी ती फेज, परत जाणारी ती न्यूट्रल. जुने चकतीचे मीटर साधारणपणे येणारी तारच मोजायचे, म्हणून काही लोक न्यूट्रल जमिनीत सोडून मीटरला फसवायचे. ते पकडण्यासाठी आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारा मोजते आणि ज्या तारेत जास्त प्रवाह असेल त्याप्रमाणे युनिट धरते. दोन्हींत फरक दिसला की अर्थचा दिवा पेटतो. वरची खोली बांधताना कामावरच्या पोराने फेजची तार धाकट्याच्या बोर्डातून घेतली होती. न्यूट्रल मात्र जवळ पडला म्हणून मोठ्याच्या बोर्डाला जोडून टाकला. दहा फूट वायर वाचली. तेव्हापासून वरच्या कूलरची वीज धाकट्याच्या मीटरमधून मोजून यायची आणि मोठ्याच्या मीटरमधून मोजून परत जायची. कूलर एक आणि युनिट दोन्ही घरांवर.

आकडाही जुळला. धाकटा दिवसा झोपणारा, त्यामुळे वरचा २०० वॅटचा कूलर १४ तास आणि ७५ वॅटचा पंखा १८ तास चालायचा. रोजचे ४.१५ युनिट, तीस दिवसांचे १२४ ते १२५. म्हणजे कुणी कुणाची वीज चोरली नव्हती. धाकटीने आपल्या विजेचे पूर्ण पैसे भरले होते आणि मोठ्याने तेच पैसे पुन्हा भरले होते. वायरमनने तासाभरात न्यूट्रल ज्याच्या त्याच्या बोर्डाला जोडला आणि अर्थचा दिवा विझला. मोठ्या वहिनी वर जाऊन बाळाला घेऊन खाली आल्या. दोघींत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, ऐकण्याचे कारणही नव्हते.

अशी सरमिसळ फार घरांत असते, असे माझे मत झाले आहे. आपल्या वस्त्यांतली घरे एकदम बांधली जात नाहीत. एक खोली वडिलांनी, दुसरी मुलाने, तिसरी सून आल्यावर. प्रत्येक वेळी नवा वायरमन, आणि स्वस्तात करून देणारा. भाडेकरू ठेवले की आणखी एक लाइन ओढली जाते. आणि हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. अशा घरात मेन बंद करून तारेला हात लावला तरी शेजारच्या कूलरमधून परत आलेली वीज त्या न्यूट्रलमध्ये असू शकते. मेन बंद आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

दिवा न थांबण्याची आणखी कारणे

सगळी बटने बंद करूनही लाल दिवा लुकलुकत राहिला तर दरवेळी न्यूट्रलच चुकला असेल असे नाही. भिंतीत ओल येऊन जुन्या वायरचे आवरण गेले असेल तर वीज भिंतीत पाझरते. एक अँपिअर प्रवाह असा पाझरत राहिला तर २३० वॅट होतात. दिवसाचे साडेपाच युनिट आणि महिन्याचे १६५. मेन बंद केल्यावरही दिवा चालू राहिला तर बिघाड मीटर आणि मेन यांच्यामधल्या तारेत आहे, किंवा तिथून कुणी तार घेतली आहे, किंवा मीटरच सदोष आहे. तिथे आपण हात लावू नये, मीटरचे सील तर मुळीच तोडू नये. ते काम वीज कंपनीचे आहे, लेखी अर्ज द्यावा. मीटर तपासून घेण्यासाठी शुल्क भरून अर्ज करता येतो.

दिवा थांबला तर वायरिंग बरे आहे असे समजावे. मग एकेक वस्तू लावून मोजावे. इथे हमखास सापडतो तो फ्रिज. उन्हाळ्यात त्याला जास्त चालावे लागतेच, पण आपण त्याला भिंतीला चिकटवून ठेवतो, मागची जाळी तापत राहते. दाराचे रबर सैल झालेले असते. दारात नोट धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निघाली तर रबर बदलायला झाले आहे. नळाला लावलेला टिल्लू पंप हा दुसरा. उन्हाळ्यात नळाला धार नसते, म्हणून तो तासन्‌तास चालतो. सार्वजनिक नळाच्या लाइनवर असा पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे मुळातच गैर आहे, ते सोडून द्यावे हे बरे.

पंख्यांचे मी वर सांगितलेच. जुना पंखा ७५ वॅट खातो. नवे बी.एल.डी.सी. पंखे तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. एक पंखा बदलला तर १६ तासांच्या हिशेबाने महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे, घेताना ते पाहून घ्यावे. एकदम तिन्ही बदलायची गरज नाही. जो सर्वात जास्त चालतो तो आधी बदलावा. काही घरांत आता जुना ए.सी. आला आहे. त्यांनी तो १८ वर लावून वर पांघरूण घेऊ नये, २४ ते २६ च्या दरम्यान ठेवून पंखा चालू ठेवावा.

कूलर गार का करीत नाही

कूलर थंड करीत नाही म्हणून तो जास्त तास चालवावा लागतो, आणि थंड न करण्याचे कारण बहुतेक वेळा खिडकीत सापडते. पुष्कळ घरांत कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात. मग तीच ओली हवा पुन्हा पुन्हा कूलरमधून फिरते. अर्ध्या तासात खोली दमट होते आणि अंग चिकचिक करते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. त्याची पाठ बाहेर असावी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे, म्हणजे आलेली हवा निघून जाईल. एवढ्या एका बदलाने कित्येक घरांत फरक पडलेला मी पाहिला आहे.

दुसरे कारण ताट्या. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते ताटीवर पांढरे जमतात आणि हवा आत येत नाही. वुडवूलच्या ताट्या दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बदलाव्यात. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

आणि पत्रा. दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली कोणताही कूलर हात टेकतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढरा चुना मारला तर ऊन बरेचसे परत फेकले जाते. चुना टिकावा म्हणून लोक त्यात थोडा फेविकॉल मिसळतात. पश्चिमेच्या भिंतीवर हिरवी जाळी किंवा जुन्या साडीचा पडदा बाहेरच्या बाजूने लावावा. आतून लावलेल्या पडद्याचा उपयोग कमी, कारण तोवर ऊन काचेतून, भिंतीतून आत आलेले असते.

कूलरचा शॉक

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या येतात. त्यांत कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या बायका आणि खेळता खेळता हात लावणारी लेकरे असतात. लोखंडी पत्र्याचे अंग, आत पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यापेक्षा जीवघेणा योग दुसरा नाही. पाणी भरण्याआधी नुसते बटन बंद करून भागत नाही, पिन काढावी. पायात चप्पल असावी. तीन पायांचीच पिन वापरावी आणि त्या घरात खरे अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. तिसरे भोक नुसते शोभेला असलेली घरे पुष्कळ आहेत. पाण्याच्या पंपाची वायर पाण्यात जोड दिलेली नसावी.

शक्य असेल त्याने मेनजवळ ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी. वीज गळू लागली की हे यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत लाइन तोडते. ज्या घरात न्यूट्रलची सरमिसळ आहे तिथे ते टिकतच नाही, सारखे पडते. मग वायरमन म्हणतो, वस्तूच खराब आहे, काढून टाका. काढू नये. ते पडते म्हणजे घरात बिघाड आहे, तो आधी शोधून घ्यावा.

बिल चुकीचे असेल तर

हिशेब करूनही बिल पटत नसेल तर खिडकीवर भांडून उपयोग नाही. लेखी तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, तो नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा. वीज कायदा, २००३ मधील कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी लाइन तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाविषयी वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत लाइन तोडता येत नाही. निषेध नोंदवून भरत आहे, हे शब्द अर्जात लिहावेत. आणि दोन वर्षांपूर्वीची एखादी रक्कम, जी मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत दाखवली नाही, ती आज एकदम मागता येत नाही.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्यासाठी वकील लावावा लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येते, आणि लोकपालाचे एक कार्यालय नागपुरातही आहे. मागच्या बारा महिन्यांची बिले एका पिशवीत जपून ठेवा, कारण तिथे पहिल्यांदा तीच मागतात. आकडा टाकून वीज घेणाऱ्याला मात्र यांतले कोणतेही दार उघडे नाही. कलम १३५ खाली तो गुन्हा आहे, त्यात कैदेची शिक्षा आहे.

महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. वहीचे एक पान पुरते. त्यावर तारीख, मीटरचे रीडिंग आणि आदल्या रविवारपासून किती युनिट झाले एवढेच लिहायचे. दर रविवारी विहारात येताना घरातल्या शाळकरी मुलीने ते लिहून आणावे. रोजचे युनिट एकाएकी वाढले तर ते त्याच आठवड्यात कळेल, जूनच्या बिलाची वाट पाहावी लागणार नाही. मीटर उंच असेल तर स्टुलावर चढून हात लावायला जाऊ नये, मोबाईलने आकड्याचा फोटो काढून घ्यावा.